‘माणसें फार झालीं’ : महाराष्ट्राच्या इतिहासांत एका समजुतीची परीक्षा

(१) आपल्या देशांत माणसें फार झालीं आणि देशाच्या दारिद्र्याचें मूळ त्यांतच आहे, ही समजूत इतकी रूढ आहे कीं तिला पुरावा मागण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें इ. स. २०२३ मध्यें भारताची लोकसंख्या चीनच्या पुढें जाऊन सुमारें १४२ कोटि झाली, तेव्हांपासून तर हा विषय पुन्हां जोरानें निघाला आहे. या समजुतीवर उपाय उभारले जातात व त्या उपायांची झळ बहुधा दुबळ्यांस लागते; म्हणून तिला इतिहासाची कसोटी लावणें अगत्याचें आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर गेल्या चार शतकांत माणसें व अन्न यांचा संबंध कसकसा राहिला, एवढेंच पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

(२) सतराव्या शतकांत प्रश्न नेमका उलट होता. शके १५५२ (इ. स. १६३०) पासूनच्या दुष्काळानें गुजराथ व दख्खन हे दोन्ही प्रांत ओस पाडले. त्यांतच राजकीय धामधुमींत पुणें परगणा उद्ध्वस्त झाला. मुरार जगदेवानें पुण्यावर गाढवांचा नांगर फिरविल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. पुढें जिजाबाई व दादाजी कोंडदेव यांच्या कारकीर्दींत जी पुनर्वसाहत झाली, तिचें मुख्य साधन कौल हें होय. पडजमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास पहिलीं वर्षें अगदीं हलका सारा लावावयाचा व तो क्रमाक्रमानें वाढवीत पूर्ण दरावर न्यावयाचा, या पद्धतीस इस्तावा म्हणत. पेशवाईअखेरपर्यंतच्या कागदपत्रांत कौल, इस्तावा, उपरी, परागंदा हे शब्द आढळतात. वंश बुडाला किंवा घराणें निघून गेलें म्हणजे त्याच्या जमिनीस गतकुळीची जमीन हें नांव पडे. या शब्दांवरून राज्यकर्त्यांची चिंता स्पष्ट होते. माणसें फार झालीं ही ती चिंता नव्हे, तर असलेलीं माणसें टिकवावीं कशीं ही होय. साऱ्याचा बोजा असह्य झाला कीं रयत गुरेंढोरें घेऊन शेजारच्या मुलखांत निघून जाई. जमीन विपुल व माणसें थोडीं अशी स्थिति असतांही दुष्काळांत माणसें मरतच होतीं, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

(३) दाटीचा सिद्धान्त आपल्याकडे आला तो इंग्रजी राज्याबरोबर. माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध १७९८ सालीं निघाला आणि १८०५ पासून १८३४ त मरेपर्यंत हाच माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील पाठशाळेंत अध्यापक होता. हिंदुस्थानांत येणारे मुलकी अधिकारी तेथें तयार होत. त्यांपैकीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें १८३० च्या सुमारास पुणें प्रांतांत नवी सारापद्धति लागू केली. शेतीचा खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न उरेल, त्यांतील शेंकडा ५५ सरकारचें, असा त्याचा हिशेब होता. हिशेब कागदावर नेटका. परंतु मोजणी सदोष, अंमलदार लांचखाऊ व पाऊस लहरी, यामुळें अल्पावधींत गांवें ओसाड पडूं लागलीं. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ पासून इंदापुरांत दर उतरवून ते तीस वर्षांसाठीं कायम केले, तेव्हां पडजमीन पुन्हां नांगराखालीं आली. माणसें तींच व जमीन तीच; फिरला तो सारा.

(४) खरी परीक्षा १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत झाली. पहिल्या बंदोबस्ताची तीस वर्षांची मुदत संपून फेरपाहणींत सारा वाढला होता. कर्जबाजारी कुणब्यांनीं १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्यावर दुष्काळ आला. व्हाइसरॉय लिटन यानें लोकसंख्या अन्नापेक्षां जलद वाढते या सिद्धान्ताचा आधार घेतला, धान्याची निर्गत थांबविली नाहीं, आणि काटकसर करण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल यास पाठविलें. टेंपलनें दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी उतरविली. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांचा पक्ष घेतला. मरणारांची संख्या सबंध ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक मानली जाते.

याच टेंपलनें तीनच वर्षांपूर्वीं, १८७४ त, बंगाल–बिहारकडील दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून माणसें वांचविलीं होतीं आणि त्यावेळीं उधळपट्टी केल्याचा ठपका वरिष्ठांकडून घेतला होता. बिहार हा दख्खनपेक्षां किती तरी दाट वस्तीचा प्रांत. दाट वस्तींत माणसें वांचलीं व विरळ वस्तींत मेलीं, याचा अर्थ लावतांना दाटीची सबब लंगडी पडते. १८८० च्या दुष्काळ कमिशननें देखील मुख्य आपत्ति शेतमजुराचें काम व मजुरी बुडण्यांत आहे असें नमूद केलें. दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांनीं हिंदी दारिद्र्याचें खापर लोकसंख्येवर फोडण्याचें नाकारिलें, त्याच्या पाठीशीं हाच अनुभव होता. इंग्लंड व वेल्स यांची लोकसंख्या १८०१ त सुमारें ८९ लाख होती, ती १९०१ त सव्वातीन कोटि झाली. तेथें मात्र या वाढीस समृद्धीचें लक्षण म्हणत.

(५) विरुद्ध पक्षाचा पुरावा दडपणें हें संशोधकास शोभत नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर गांवाची पाहणी करून दाखविलें कीं तेथील सरासरी खातें १७७१ त ४० एकरांचें होतें, तें १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलें. ही दाटी खरी आहे व तिचा ताण कुणब्याच्या घरांत प्रत्यक्ष जाणवत होता. परंतु याच काळांत इंग्लंडमधील वाढत्या माणसांस गिरण्या मिळाल्या, वसाहती मिळाल्या; आपल्याकडे विणकर, रंगारी इत्यादि कारागीर धंदा बुडून उलट जमिनीकडे लोटले गेले. खातें लहान झालें याचें एक कारण वारसांची संख्या, तर दुसरें दुसऱ्या धंद्यांचा अभाव. शिवाय १९११ ते १९२१ या दशकांत प्लेग, दुष्काळ व इन्फ्लुएंझा यांमुळें देशाची लोकसंख्या किंचित् घटली. तेवढ्यानें दारिद्र्य घटलें असें कोणी म्हणत नाहीं.

निर्णायक साक्ष १९७२–७३ च्या अवर्षणाची. आजच्या महाराष्ट्राच्या सीमांत १९०१ सालीं सुमारें १ कोटि ९४ लक्ष माणसें होतीं. १९७१ त तीं ५ कोटि ४ लक्ष झालीं. भूमि तीच, पाऊस तसाच रुसलेला, आणि तोंडें अडीचपटींहून अधिक. तरीही १८७७ सारखा संहार झाला नाहीं. मे १९७३ मध्यें सुमारें पन्नास लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं. खडी फोडून मजुरी घेत होतीं व परदेशांतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढीत होतीं. हाल अपार झाले, परंतु जीव राहिले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या रोजगार हमीस याच अनुभवानें बळ मिळालें व १९७७ त तिचा कायदा झाला.

(६) मग संततिनियमनाची चळवळ व्यर्थ होती काय? मुळींच नाहीं, मात्र तिचें खरें अधिष्ठान वेगळें आहे. प्रो. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. मूल केव्हां व्हावें हें ठरविण्याचा अधिकार स्त्रीला आहे आणि त्याचें ज्ञान मागेल त्यास मिळालें पाहिजे, हा कर्वे यांचा आग्रह होता. १९३८ च्या नोव्हेंबरांत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळांत याच विषयाचा ठराव आला. तो बहुमतानें फेंटाळला गेला.

पुढें १९५२ त सरकारनें हें कार्य हातीं घेतलें, आणि हळूहळू ज्ञानाच्या जागीं आंकडे आले. आणीबाणींत १९७६–७७ या एका वर्षांत देशांत ८२ लक्षांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर तीन अपत्यांनंतर सक्तीचें विधेयक मंजूर केलें, त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं. मार्च १९७७ त सरकार पडलें व पुढील वर्षीं शस्त्रक्रियांची संख्या दहा लक्षांच्या आंत आली. सक्तीनें चळवळीची इभ्रत घालविली, हें त्याचें फलित. उलट, शिक्षण, आरोग्य व अर्भकमृत्यूंतील घट यांनीं काम केलें तें शांतपणें. १९९२–९३ च्या राष्ट्रीय पाहणींत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण ३·४ होतें. २०१९–२१ च्या पाहणींत देशाचें २·० व महाराष्ट्राचें १·७ आढळलें. धान्याचें उत्पादन १९५०–५१ मध्यें सुमारें ५ कोटि टन होतें, तें २०२२–२३ पर्यंत सहापटींहून अधिक वाढलें; माणसें त्याच काळांत चौपट झालीं.

(७) या सर्व पुराव्यावरून आमचा निष्कर्ष असा. महाराष्ट्रांत दुष्काळांत माणसें मेलीं तीं माणसें फार होतीं म्हणून नव्हे. सारा, मजुरी व धान्य यांची व्यवस्था त्यांच्याविरुद्ध होती म्हणून मेलीं. ‘दाटी’ हा शब्द राज्यकर्त्यांच्या तोंडीं जेव्हां आला, तेव्हां बहुधा आपली जबाबदारी टाळण्यासाठीं आला. कुटुंब आटोपशीर असावें हें इष्ट खरें. परंतु तें बाळंतपणांनीं झिजणाऱ्या बाईच्या हितासाठीं, तिच्या निर्णयानें. २०२४ सालीं दक्षिणेकडील कांहीं मुख्यमंत्री लोकांनीं अधिक मुलें होऊं द्यावींत असें म्हणूं लागले, म्हणजे कौल देऊन माणसें बोलावण्याच्या जुन्या काळाची आठवण व्हावी अशी वेळ आली. माणसें थोडीं झालीं म्हणून स्त्रियांवर भार घालणें आणि फार झालीं म्हणून त्यांच्यावर सक्ति करणें, या दोहोंत फरक नाहीं. दोहोंतही माणूस हा खतावणींतील एक आंकडाच ठरतो.