गोंधळ : कल्याणचा आणि बंगळूरचा

एखादे काम विस्कटले की आपण म्हणतो, ‘सगळा गोंधळ झाला.’ कन्नडातही ‘गोंदल’ म्हणजे हेच. आमच्या बीदर-कलबुर्गीकडचा माणूस दोन्ही भाषा बोलतो आणि दोन्ही भाषांत देवीपुढच्या गाण्याचे नाव अव्यवस्थेला देऊन मोकळा होतो. रात्रभर चालणाऱ्या, नियमांनी घट्ट बांधलेल्या या विधीचे नाव बेशिस्तीला कसे चिकटले असेल, हा प्रश्न मला सत्तरी गाठेपर्यंत पडला नव्हता. पडला तो बंगळूरला, आणि तोही एका इंग्रजी गाण्याच्या कार्यक्रमात.

नातू तिथे इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो असता म्हणाला, “आजोबा, तुम्ही भजन, कव्वाली, शाहिरी सगळं ऐकलंय. हे एकदा ऐकाच.” प्रकाराचे नाव त्याने ‘हार्डकोअर पंक’ असे सांगितले. मला त्यातले काहीच कळले नाही, पण नातवाचा हट्ट मोडवेना.

काळ्या भिंतींचा एक लहानसा हॉल, शे-सव्वाशे पोरेपोरी, जेमतेम दोन वीत उंचीचा मंच. चौघे जण वर चढले. एकाने ‘वन टू थ्री फोर’ म्हटले मात्र, आणि माझ्या छातीच्या फासळ्या हलल्या. गाणे सुरू झाले हे ध्यानात येईपर्यंत ते संपलेही होते. लगेच दुसरे, तिसरे. खाली पोरे गोल फिरत एकमेकांना खांदे देत होती, आदळत होती. एक जण मंचावरून सरळ लोकांच्या डोक्यांवर झेपावला. मी चष्मा हातात धरून भिंतीला चिकटलो. ही काय मारामारी आहे की गाणे?

एवढ्यात एक पोरगा माझ्यासमोर खाली पडला. आता हा तुडवला जाणार, म्हणून माझ्या तोंडून ‘अरे’ निघाले. पण डोळ्याचे पाते लवायच्या आत चार हातांनी त्याला उभे केले. कुणीतरी एक बूट वर धरून, कोणाचा म्हणून विचारीत होते. एका दाढीवाल्या तरुणाचे माझ्याकडे लक्ष गेले. तो कन्नडात म्हणाला, “ताता, इकडे कोपऱ्यात या,” आणि पुढची अर्धी घटका गर्दीकडे पाठ करून माझ्यापुढे भिंतीसारखा उभा राहिला. गायकाने मधेच माईक खाली धरला आणि पुढचे शब्द गर्दीने म्हटले. गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा भेदच उरला नाही.

त्या क्षणी मला आमचे गाव आठवले.

बसवकल्याण तालुक्यातले आमचे खेडे. साल १९६२ असावे. काकाच्या लग्नाचा गोंधळ होता. अंगणात पाच ज्वारीची ताटे उभी करून त्याखाली पाटावर तांदळाचा चौक भरला होता, वर कलश होता. तेलात भिजवलेला पोत पेटला आणि संबळावर पहिली काडी पडली तसा मी भिऊन आईच्या पदरात शिरलो. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो पोटात शिरत होता. तुणतुण्याची एकच तार, झांजेचा खणखणाट, कवड्यांच्या माळा, आणि साऱ्या अंगणाचा एकच ‘उदो उदो’. माझ्या मनाने तेव्हाही हेच म्हटले होते, की हे काय चालले आहे?

पहाटेपर्यंत उमगत गेले. आधी आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. मध्यंतरी करपल्लवी. एक गोंधळी एखाद्याच्या कानाशी लागून त्याचे नाव विचारायचा आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाचा त्याचा जोडीदार नुसत्या बोटांच्या खुणा पाहून ते नाव सर्वांसमक्ष सांगायचा. बाहेरच्याला जो नुसता कल्लोळ दिसतो, त्याच्या पोटात अशी एक लिपी असते.

आता थोडे मागे जाऊ. ज्या कल्याणजवळ मी पहिला गोंधळ पाहिला, त्याच कल्याणात नऊशे वर्षांपूर्वी आणखी एकाने असा पहिला अनुभव घेतला होता. तो होता चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, भूलोकमल्ल. सहाव्या विक्रमादित्याचा हा मुलगा ११२६ च्या सुमारास गादीवर आला. ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ त्याचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्याचीच. काकतीय गणपतिदेवाचा गजसेनापती जायसेनापती याने १२५३-५४ मध्ये ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. तिच्यात तो सांगतो, की कल्याण नगरात भूतमातेच्या महोत्सवात भिल्लिणीच्या वेषातील एक स्त्री गात-नाचत होती. ते पाहून सोमेश्वर राजाला कौतुक वाटले आणि त्यावरून त्याने स्वतः ‘गोंडली’ नावाचा नृत्यविधी सिद्ध केला. महाराष्ट्रात भिल्लिणीला ‘गोंडिनी’ म्हणतात, म्हणून हे नाव. लिहिणारा तेलुगू मुलखातला, ग्रंथ संस्कृत, राजा कन्नड आणि शब्द महाराष्ट्राचा! आपल्या सीमाभागाची याहून जुनी आणि नेमकी ओळख मला तरी ठाऊक नाही. गोंधळाचे मूळ शोधताना डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या उल्लेखाकडे लक्ष वेधले आहे.

पण मुद्दा पुढचा आहे. सोमेश्वर रसिक होता, त्याने त्या बाईला हाकलले नाही. मात्र जत्रेतले तिचे गाणे-नाचणे शास्त्रात बसवून दरबारी आणले. तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त त्याचे नियम नोंदवले. राजाचे नाव राहिले, त्या बाईचे नाव कुणी लिहिले नाही. आज ती दरबारी गोंडली पोथीत आहे आणि अंगणातला गोंधळ, कदमराई आणि रेणुराई गोंधळ्यांनी तुळजापूर-माहूरच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला, कालपरवापर्यंत जिवंत होता.

बंगळूरच्या त्या गाण्याचा इतिहासही मी नंतर वाचून काढला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, विशेषतः वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियात, हे हार्डकोअर उभे राहिले. ‘बॅड ब्रेन्स’ हा चार कृष्णवर्णीय तरुणांचा वाद्यवृंद, त्यांना त्यांच्याच शहरातल्या क्लबांनी दारे बंद केली. ‘मायनर थ्रेट’ या पोरांच्या १९८१ च्या पहिल्या तबकडीत आठ गाणी होती आणि सारी मिळून नऊ-साडेनऊ मिनिटांची. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता त्यांनी ‘डिस्कॉर्ड’ या आपल्याच नावाखाली तबकड्या काढल्या, वेष्टने घरी बसून चिकटवली. क्लबात दारू विकली जाई, म्हणून अल्पवयीन श्रोत्यांच्या हातावर काळी फुली मारून त्यांना आत सोडत. पुढे दारू न पिणाऱ्यांनी तीच फुली अभिमानाने मिरवली. बाहेरून जो धिंगाणा दिसतो, त्याला आतून असे नियम आहेत. पडलेल्याला आधी उचलायचे, हा त्यांतला पहिला.

परत येताना रिक्षात नातवाने विचारले, “आजोबा, आपल्याकडं असलं काही होतं का?”

मला उत्तर देता येईना. कारण सांगतो. २००२ साली माझ्या मुलाचे, म्हणजे याच पोराच्या बापाचे, लग्न झाले. आमचे वंशपरंपरेचे गोंधळी दारात आले. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले, तरी यांची गावकी निलंगा, भालकी, नारायणखेड अशी तिन्ही राज्यांत तशीच चालू होती. ते एसटी बदलत बदलत पोचले होते. चौक मांडला, आवाहन झाले, आख्यान रंगात येऊ लागले. शहराकडचे पाहुणे कानावर हात ठेवून बसलेले मी पाहिले. मी शाळामास्तर, मला लाज वाटली. रात्री दहा वाजता उठून म्हणालो, “बुवा, थोडक्यात आटपा.” म्हातारबुवांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आख्यान तिथेच सोडले, आरती म्हटली आणि पोत विझवला. पुढे आमच्या घरी गोंधळ झालाच नाही.

सोमेश्वराने निदान कौतुक केले होते. मी तेवढेही केले नव्हते. ज्या लग्नाचा गोंधळ मी अर्ध्यावर थांबवला, त्या लग्नाचे लेकरू मला विचारीत होते, आपल्याकडे असले काही होते का.

गावी आल्यावर मी गोंधळ्यांच्या घरी गेलो. म्हातारबुवा वारले आहेत. मुलगा गॅरेजात काम करतो. संबळ खुंटीला होते, कातडे मात्र ताणलेले होते. झाले ते मी सांगितले. तो म्हणाला, “गुरुजी, रात्रभर वाजवायला मी तयार हाय. पण ऐकायला रात्रभर कोन बसतंय?”

नातवाला फोन केला. तो म्हणाला, मित्रांना घेऊन येतो, तो दाढीवालाही येणार आहे. येत्या मार्गशीर्षात आमच्या अंगणात चौक मांडला जाईल. ज्वारीची ताटे शेजारच्या शेतातून येतील. बिदागी ठरवताना बुवांच्या मुलाने पैशांची घासाघीस केली नाही. त्याने एकच अट घातली आहे : मधेच ‘आटपा’ म्हणायचे नाही.