डिझेलची मोटार आणि हवेचा हिशेब

आपल्या शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या दारांत आज दहा-बारा वर्षांची एखादी छोटी डिझेल मोटार उभी असलेली दिसते. मागचें दार वर उघडणारी, चार-पांच माणसांना पुरणारी, हॅचबॅक म्हणून ओळखली जाणारी ही गाडी घरांतील कर्त्या माणसाला रोज कचेरीस नेते, मुलांना शिकवणीस पोंचविते आणि सुटींत सर्वांना गांवीं घेऊन जाते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत धुराविषयींचे भारत स्टेज सहा हे कडक निर्बंध लागू झाले. त्याच सुमारास मारुतीसारख्या मोठ्या कारखान्यानें डिझेल मोटारी काढणें बंद केलें आणि छोट्या डिझेल मोटारी बाजारांत विरळ होऊं लागल्या. साहजिकच जवळ आहे तीच गाडी टिकवावी, जमल्यास तिची शक्ति थोडी वाढवावी, असें मालकाच्या मनांत येतें. गॅरेजांतहि सल्ला तयारच असतो. कोणी म्हणतो, पंपाचा स्क्रू फिरवूं. कोणी म्हणतो, गाडींतील संगणकाचा आराखडा बदलूं, म्हणजे गाडी वाऱ्यासारखी धांवेल.

हा सल्ला घ्यावा कीं घेऊं नये? मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेला एक मास्तर आहें. परंतु माझी अशी समजूत आहे कीं, या प्रश्नाचें उत्तर डिझेल इंजिनाच्या इतिहासांतच लिहून ठेवलेलें आहे. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल हा जर्मन आईबापांच्या पोटीं १८५८ सालीं पॅरिस येथें जन्मला. म्युनिक येथें कार्ल फॉन लिंडे या प्रसिद्ध आचार्यांच्या हाताखालीं त्यानें उष्णतेच्या शास्त्राचा अभ्यास केला. वाफेच्या यंत्रांत कोळशाची बहुतेक उष्णता फुकट जाते, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. हवा अतिशय दाबली असतां ती इतकी तापते कीं, तींत तेलाचा फवारा सोडतांच तें ठिणगीवांचून पेट घेतें. या तत्त्वावर यंत्र करतां येईल, अशी त्याची कल्पना होती. १८९३ सालीं त्याला पेटंट मिळालें आणि चार वर्षांच्या खटपटीनंतर, १८९७ च्या फेब्रुवारींत, ऑग्सबर्ग येथील कारखान्यांत त्याच्या इंजिनाची परीक्षा यशस्वी झाली. इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून थोडा अधिक अंश त्या इंजिनानें कामीं लावला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांपेक्षां हें प्रमाण पुष्कळच मोठें होतें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास तिच्याभोंवतींच फिरतो. पेट्रोलच्या इंजिनांत पायाखालची कळ दाबली म्हणजे मुख्यतः हवेची वाट मोठी होते आणि त्या हवेच्या मानानें पेट्रोल मिळतें. डिझेल इंजिनांत याच्या उलट प्रकार असतो. हवा मोकळेपणानें आंत येत असते. कमीअधिक होतें तें तेल. एक किलो डिझेल पुरतें जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. पण फवाऱ्याच्या प्रत्येक कणाची हवेशीं गांठ पडण्यास सेकंदाचा अगदीं अल्प अंश मिळत असल्यामुळें, व्यवहारांत याहून बरीच अधिक हवा असावी लागते. तेवढी हवा नसेल, तर जादा तेलाची शक्ति न होतां काजळी होते. रस्त्यावर एखादी गाडी काळा लोट सोडीत जातांना दिसते, तेव्हां मालकानें पैसे देऊन घेतलेलें तेलच आपण आकाशांत जातांना पाहत असतों.

तात्पर्य, डिझेल इंजिनास तेल अधिक पाजणें अत्यंत सोपें आहे. त्या तेलाच्या मानानें हवा मिळवून देणें हेंच खरें कठीण. आतां हें कठीण काम पुढच्या पिढ्यांनीं कसें केलें तें पाहूं.

डिझेल स्वतः १९१३ सालच्या सप्टेंबरांत इंग्लंडला जातांना बोटीवरून नाहींसा झाला. त्याचीं इंजिनें तोंपर्यंत कारखान्यांत व जहाजांवर जाऊन पोंचलीं होतीं. पण मोटारींत बसण्याजोगीं तीं नव्हतीं. तेल आंत उडविण्यास त्यांना दाबलेल्या हवेचा एक वेगळाच जड सरंजाम लागे. ती अडचण दूर केली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें. तेल स्वतःच्या दाबानें, अचूक मापांत व अचूक क्षणीं सोडणारे बॉशचे पंप १९२७ सालीं मोठ्या संख्येनें निघूं लागले. त्यानंतर नऊ वर्षांनीं, १९३६ सालीं, बर्लिन येथील प्रदर्शनांत मर्सिडीझ-बेन्झ कंपनीनें २६० डी ही डिझेल मोटार मांडली. तिची शक्ति अवघी ४५ अश्वांची. पण ती थोड्या तेलांत चाले, म्हणून भाड्याच्या गाड्या चालविणाऱ्यांस ती विशेष मानवली. डिझेल मोटार म्हणजे मंद, खडखडाट करणारी, परंतु काटकसरी गाडी, ही जी ख्याति झाली ती तेव्हांपासून.

छोट्या मोटारीच्या इतिहासांत १९७६ हें साल महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या गोल्फ या हॅचबॅक गाडींत दीड लिटरचें, ५० अश्वशक्तीचें डिझेल इंजिन बसविलें. मध्यम स्थितींतील कुटुंबाला रोजच्या वापरास डिझेल गाडी घेतां येईल, हें या गाडीनें युरोपांत दाखवून दिलें. मात्र तिचा दम बेताचाच होता आणि तो वाढवावा कसा, हा प्रश्न लगेच पुढें आला.

उत्तर फार पूर्वीं सांपडलेलें होतें. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस इंजिनियरानें १९०५ सालींच एका युक्तीचें पेटंट घेतलें होतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुरांत वेग आणि उष्णता शिल्लक असते. त्या धुरानें एक चक्र फिरवावें आणि त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, अशी ती युक्ति. हाच आजचा टर्बो. १९७८ सालीं मर्सिडीझनें तो डिझेल मोटारीस जोडला आणि १९८२ सालीं गोल्फ जीटीडी निघाली. त्या वेळीं साध्या गोल्फचें १.६ लिटर डिझेल इंजिन ५४ अश्वांचें होतें. तेवढ्याच मापाच्या इंजिनास टर्बो मिळतांच तें ७० अश्वांचें झालें. वाढीव तेलाला वाढीव हवेची जोड मिळाली, म्हणूनच हें साधलें.

यापुढची सुधारणा फवाऱ्याची होती. १९९७ सालीं आल्फा रोमिओ १५६ या इटालियन गाडींत ‘कॉमन रेल’ ही पद्धति प्रथम आली. एका समाईक नळींत तेल प्रचंड दाबाखालीं सदैव तयार ठेवावयाचें आणि संगणकाच्या आज्ञेनें प्रत्येक सिलिंडरांत तें नेमक्या क्षणीं सोडावयाचें, असा हा प्रकार आहे. दाब जितका मोठा तितका फवारा बारीक, आणि फवारा जितका बारीक तितकी हवेशीं गांठ चांगली. २००३ सालीं फियाटनें याच पद्धतीचें १२४८ घनसेंटिमीटरचें मल्टिजेट इंजिन काढलें.

येथून आपल्या घरचा इतिहास सुरू होतो. १९९८ च्या डिसेंबरांत पुण्याच्या टाटा कारखान्यांतून इंडिका बाजारांत आली. तिच्यांतील १४०५ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन टर्बोशिवाय चाले व तेल आधीं एका लहान कोठींत पेटे. ही गाडी महाराष्ट्रांतील हजारों घरांची पहिली डिझेल मोटार ठरली. पुढें २००७ सालीं मारुतीनें स्विफ्ट गाडींत फियाटचें मल्टिजेट बसविलें आणि कॉमन रेल पद्धति सामान्य गृहस्थाच्या दारीं आली. पुण्याजवळ रांजणगांव येथील कारखान्यांतहि हें इंजिन होत असे. स्विफ्टमध्यें तें ७५ अश्वांचें होतें. इतर कांहीं गाड्यांत तेंच १२४८ घनसेंटिमीटरचें इंजिन ९० अश्वांचें असे. या दुसऱ्या इंजिनास, वेगाप्रमाणें आपल्या पात्यांचा कल बदलणारा टर्बो दिलेला होता. म्हणजे कारखानदारालासुद्धां पंधरा अश्व वाढवावयाचे झाले, तर हवेची सोय बदलावी लागली.

आतां गॅरेजांतील सल्ल्याकडे वळूं. जुन्या पद्धतीच्या पंपावर तेलाचें माप ठरविणारा स्क्रू असतो; तो फिरविला कीं तेल वाढतें. नव्या पद्धतींत संगणकाच्या स्मृतींतील कोष्टकें बदलतात, अथवा तेलाचा दाब खोटा सांगणारी एखादी पेटी मध्यें जोडतात. संगणकाचें काम जाणत्या माणसानें केलें, तेलाबरोबर टर्बोचा दाबहि बेतानें वाढविला आणि धूर मोजून पाहिला, तर त्यांत शास्त्र आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण कारखान्यानें जी थोडी मर्यादा राखून ठेवलेली असते, ती नव्या इंजिनाच्या भरंवशावर. दीड लाख किलोमीटर धांवलेल्या गाडीचा क्लच, टर्बोचा आंस आणि फवाऱ्यांचीं तोंडें हीं ती मर्यादा आधींच खाऊन बसलेलीं असतात. तेथें नुसतें तेल वाढविलें तर धुराची उष्णता वाढते, आणि प्रथम टर्बो व मागाहून पिस्टन यांच्यावर संकट येतें.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. त्याची गाडी खंबाटकीचा घाट चढतांना दम टाकूं लागली होती. एका गॅरेजानें संगणकाचा आराखडा बदलण्याचा मोठा खर्च सांगितला. दुसऱ्या एका वृद्ध मेस्त्रीनें बॉनेट उघडून टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीवरून बोटें फिरविलीं; नळी खालच्या अंगानें चिरलेली होती आणि दाबलेली हवा तेथून फुकट जात होती. हवेचा फिल्टरहि धुळीनें भरलेला. नळी व फिल्टर बदलल्यावर गाडी पूर्वींसारखी घाट चढूं लागली. तिची शक्ति वाढविण्याची गरजच नव्हती. हरवलेली परत आणावयाची होती.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकास इतिहासाच्या आधारें माझें सांगणें असें कीं, आधीं हवेची वाट पाहावी : फिल्टर, नळ्या, टर्बो आणि आंत सांचलेली काजळी. मग तेलाची वाट : डिझेलचा फिल्टर, त्यांत सांचलेलें पाणी, आणि प्रत्येक फवाऱ्यांतून मागें परतणाऱ्या तेलाचें माप, ज्यावरून कोणता फवारा झिजला तें कळतें. त्यानंतर ब्रेक, टायर व त्यांतील हवा, कारण थांबतां न येणाऱ्या गाडीला वेग देणें हें शहाणपण नव्हे. हें सर्व झाल्यावरहि उणीव भासलीच, तर वाढीव शक्तीचा विचार करावा. तोहि कायदा पाहून करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं, आणि धूर-तपासणींत भारत स्टेज चारच्या डिझेल गाडीस काळेपणाची ५० एककांची, तर त्याहून जुन्या गाडीस ६५ एककांची मर्यादा आहे.

शेवटीं एक गंभीर गोष्ट. डिझेलचा धूर माणसांत कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. इंजिनांतील ज्वलन अति तापलें म्हणजे नायट्रोजनचीं विषारी ऑक्साइडें होतात. तीं कमी व्हावीं म्हणून धुराचा कांहीं अंश पुनः आंत सोडणारी एक झडप गाडीस असते. हीच झडप बंद करून टाकण्याचा सल्ला कित्येक गॅरेजांत सर्रास मिळतो. तसें केल्यानें आंतील काजळी कमी सांचते, हें खरें. पण तो मळ मालकाच्या इंजिनांतून निघून विषाच्या रूपानें शेजाऱ्याच्या छातींत जातो. ज्यांनीं गोल्फ गाडी जगाला दिली, त्या फोक्सवॅगननेंच हा मोह मोठ्या प्रमाणावर केला. तपासणी चालू असतां धूर कमी दाखवावयाचा आणि रस्त्यावर मोकळा सोडावयाचा, अशी योजना तिनें संगणकांत केली होती. २०१५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत ती उघडकीस आली. जगभरच्या सुमारें एक कोटी दहा लाख गाड्यांत ती होती. आपल्याकडेहि पुण्याच्या एआरएआय या संस्थेनें चौकशी केली आणि तीन लाखांहून अधिक गाड्या कंपनीला दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या.

एवढ्या मोठ्या कारखान्याला जो हिशेब चुकवितां आला नाहीं, तो आपल्या गल्लींतल्या गॅरेजांत चुकेल कसा? तेलाला हवेची जोड हवी, हें रुडॉल्फ डिझेलच्या यंत्राचें मागणें सव्वाशे वर्षांत बदललेलें नाहीं. ज्या रस्त्यावरून आपली गाडी रोज जाते त्याच रस्त्यानें आपलीं व शेजाऱ्यांचीं मुलें शाळेस चालत जातात. तेव्हां पुढच्या खेपेस गाडी गॅरेजांत नेतांना, ती किती वेगानें धांवेल हें विचारण्यापूर्वीं, तिच्या मागें धूर किती दिसतो हें श्रोत्यांनीं एकदां मागें उभें राहून अवश्य पाहावें, एवढीच विनंति करून मी आपला निरोप घेतों.