व्हिडिओ खेळांच्या किंमतींतील देशपरत्वे भेद आणि ग्राहकांच्या तक्रारी

एकच वस्तू दोन देशांत दोन भावांनी विकली जावी, यात व्यापाराच्या इतिहासाच्या अभ्यासकाला नवल वाटण्याचे कारण नाही. वाहतूक, जकात, चलनाचा दर, विक्रीकर, दुकानाचे भाडे या कारणांनी भाव स्थलपरत्वे बदलतच आले आहेत. नवल वाटावे ते अशासाठी की, जिला वजन नाही, जी ठेवावयाला गोदाम लागत नाही आणि जी पोचवावयाला जहाज लागत नाही, अशी वस्तूही देश बदलताच निराळ्या भावाने विकली जाते. व्हिडिओ खेळ ही अशी वस्तू होय. आरंभी तो कार्ट्रिजमध्ये बंद होता, पुढे डिस्कवर आला आणि शेवटी केवळ संगणकाच्या जाळ्यातून घरी पोचू लागला. या तिन्ही अवस्थांत भावभेद टिकून राहिला. यावरून हा भेद आपोआप पडलेला नसून तो कोणी तरी राखलेला आहे, असे अनुमान करावे लागते. तो राखण्याची साधने कोणती होती, आणि त्यांविरुद्ध तक्रार कोणी, कोणापुढे व कोणत्या आधारावर केली, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाची तात्त्विक बाजू परिचित असेल. पिगू यांनी १९२० साली ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात भेदमूलक किंमतीची जी मीमांसा केली, तीत एक अट स्पष्ट आहे. स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात नेऊन विकणे शक्य नसेल, तरच दोन भाव टिकतात. म्हणून व्हिडिओ खेळांच्या भावाचा इतिहास हा बव्हंशी कुलुपांचा इतिहास आहे.

पहिले कुलूप यंत्रातच होते. निंतेंदो कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल १९८३ साली जपानात विक्रीस आला आणि १९८५ साली निराळ्या रूपात अमेरिकेत गेला. जपानी कार्ट्रिजला साठ टोके होती, तर अमेरिकी कार्ट्रिजला बहात्तर. शिवाय अमेरिकी यंत्रात एक चिप बसविलेली होती. कार्ट्रिजमधील चिपशी तिची खूण पटली नाही, तर खेळ सुरूच होत नसे. परवान्यावाचून केलेले खेळ अडविणे हा या चिपचा सांगितलेला हेतू होता, व तो खोटा मानण्याचे कारण नाही. तथापि तिच्या आवृत्त्या प्रदेशवार निरनिराळ्या होत्या, आणि खुद्द युरोपातही ब्रिटन व इटली यांची आवृत्ती एक आणि उरलेल्या बहुतेक देशांची दुसरी अशी वाटणी झाली होती. दूरचित्रवाणीच्या पद्धतीतील फरक, म्हणजे अमेरिका-जपानकडील साठ आवर्तने व युरोपातील पन्नास, या वाटणीला अनुकूलच होता. नैसर्गिक अडथळा आणि मुद्दाम उभारलेला अडथळा यांची सरमिसळ अशी आरंभापासूनच झालेली आहे. पुढील सर्व वादांत कंपन्यांची बाजू तिच्याच आधारावर उभी राहिलेली दिसते.

किंमतीच्या बाबतीत ग्राहकाच्या डोळ्यांत प्रथम भरला तो आकडा. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरांना विक्रीस आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटनमध्ये २९९ पौंडांना. आकडा तोच, चिन्ह मात्र बदलले. ब्रिटिश ग्राहकांची ‘डॉलरचा पौंड केला’ ही तक्रार येथून पुढे वारंवार ऐकू येते. मात्र ती जशीच्या तशी स्वीकारणे इतिहासकाराला योग्य नाही. ब्रिटिश किंमतीत साडेसतरा टक्के मूल्यवर्धित कर समाविष्ट होता, तर अमेरिकी किंमतीत विक्रीकर धरलेला नसे. कर वजा केल्यास २९९ पौंडांचे सुमारे २५४ पौंड उरतात आणि त्या वेळच्या दराने त्यांचे सुमारे ४०० डॉलर होतात. म्हणजे तक्रारीचा निम्म्याहून थोडा कमी भाग कराने खुलासतो. शंभरेक डॉलरांचा फरक उरतोच.

युरोपीय आयोगापुढील निंतेंदो प्रकरण या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण होय, आणि त्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायात एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आल्याचे जाहीर झाले होते. एका सभासद देशातून दुसऱ्या देशात माल नेण्याला विक्रेत्यांनी संगनमताने बंदी घालणे हे तर १९६६ च्या ग्रुंडिग निर्णयापासूनच बेकायदा ठरलेले होते. तो वादही रेडिओ व दूरचित्रवाणी यंत्रांच्या कंपनीचाच होता. असे असूनही आयोगाला असे आढळून आले की, निंतेंदो व तिचे सात वितरक यांनी १९९१ पासून १९९८ पर्यंत स्वस्त देशांतून महाग देशांत माल जाऊ न देण्याची व्यवस्था चालविली होती. ब्रिटनमधील भाव जर्मनी व नेदरलँड्स येथील भावांपेक्षा काही वेळा ६५ टक्क्यांपर्यंत कमी होते. एवढ्या फरकावर कोणताही धडपड्या व्यापारी ब्रिटनमध्ये माल घेऊन रॉटरडॅमला विकील, हे सांगावयास नको. तो तसे करू लागताच माल कोणाच्या हातून निसटला याचा कंपनी व वितरक मिळून माग काढीत. आणि ज्या दुकानदाराने निर्यात होऊ दिली असेल, त्याला पुढच्या खेपेला कमी माल मिळे किंवा मुळीच मिळत नसे.

तक्रार कोणी केली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. खेळणाऱ्या मुलांनी किंवा त्यांच्या आईबापांनी नव्हे. आयोगाने १९९५ मध्ये या धंद्याची चौकशी हाती घेतली होती, आणि १९९६ मध्ये तीत भर पडली ती नेदरलँड्समधील एका आयात-व्यापारी संस्थेच्या तक्रारीची. जर्मन ग्राहकाला आपण किती जादा देत आहोत हे कळण्याचे साधनच नव्हते. ते कळत होते ते मधल्या व्यापाऱ्याला, आणि त्याचे हितही ग्राहकाच्या हिताशी योगायोगानेच जुळत होते. ३० ऑक्टोबर २००२ रोजी आयोगाने एकूण १६७.८ दशलक्ष युरो दंड केला, पैकी १४९ दशलक्ष एकट्या निंतेंदोला. २००९ मध्ये न्यायालयाने कंपनीचा दंड सुमारे ११९ दशलक्षांवर आणला. तक्रार करणाऱ्यांसारख्या बाहेरच्यांना कंपनीने काही भरपाई दिली होती, म्हणून आयोगाने तिच्या दंडात तीन लक्ष युरोंची सूट दिली. सात वर्षे जादा किंमत मोजलेल्या कुटुंबांना मात्र या दंडातून काही मिळाले नाही.

युरोपाच्या आत कुंपण घालणे असे गुन्हा ठरले. युरोपाच्या भोवतीचे कुंपण मात्र कायद्यानेच अधिक बळकट केले. चष्म्यांच्या फ्रेमविषयीच्या १९९८ मधील सिल्हूट निर्णयाने असे ठरविले की, युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर विकलेला अस्सल मालसुद्धा व्यापारचिन्हाचा धनी आत येऊ न देण्यास समर्थ आहे. याचा फटका हाँगकाँगमधील लिक-सांग या टपालाने माल पाठविणाऱ्या दुकानाला बसला. सोनीचा हातात धरून खेळावयाचा पीएसपी जपानात डिसेंबर २००४ मध्ये निघाला, पण युरोपात १ सप्टेंबर २००५ पर्यंत आला नाही. मधल्या काळात लिक-सांग तो युरोपीय ग्राहकांना पाठवीत असे. ऑक्टोबर २००६ मध्ये लंडनच्या न्यायालयाने सोनीच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच महिन्यात दुकान बंद झाले. बंद होताना दुकानाने सांगितले की, सोनीच्याच युरोपीय शाखेतील काही अधिकारी आपले गिऱ्हाईक होते!

ग्राहकाची तक्रार ग्राहकाच्याच तोंडून प्रथम मोठ्याने ऐकू आली ती ऑस्ट्रेलियात. तेथे या प्रश्नाची पूर्वपीठिका न्यायालयात तयार झालेली होती. प्लेस्टेशनमध्ये बसविल्यावर दुसऱ्या प्रदेशातील डिस्कही चालू शकेल अशा चिपा सिडनीत विकल्या जात. त्यांच्याविरुद्ध सोनीने लावलेल्या दाव्यात देशाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने न्यायालयाला साहाय्यक म्हणून हजेरी लावली, आणि प्रादेशिक कुलपामुळे परदेशात रीतसर विकत घेतलेला खेळही ग्राहकाला खेळता येत नाही, हा मुद्दा पुढे आणला. स्टीव्हन्स विरुद्ध सोनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वादात उच्चतम न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी सोनीच्या विरुद्ध निर्णय दिला. अमेरिकेशी झालेल्या व्यापारकरारामुळे कायदा २००६ मध्ये पुन्हा कडक करण्यात आला, पण परदेशात घेतलेल्या अस्सल खेळाला अडविणाऱ्या भौगोलिक कुलपाला त्या संरक्षणातून वगळण्यात आले. ग्राहकपक्षाचा हा विजय लहान असला, तरी तो कायद्यात लिहिला गेला.

यानंतर जे घडले ते चलनाच्या बाजारात. ऑक्टोबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर, १९८३ साली तो खुला सोडल्यापासून प्रथमच, अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला पोचला. तोपर्यंत महाग खेळाचे खापर विनिमयदरावर फोडता येत असे. आता दोन आकडे कोणत्याही गणितावाचून शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले. स्टीमच्या विक्रीस्थानावर तर त्या काळी ऑस्ट्रेलियन ग्राहकालाही भाव अमेरिकी डॉलरांतच दिसत, आणि अमेरिकेत साठ डॉलरांना मिळणाऱ्या काही खेळांचे त्याला ऐंशी-नव्वद डॉलर पडत. गोदाम तेच, चलन तेच, माल तोच. दुकानाचे भाडे व विक्रेत्याचा पगार ही कंपन्यांची नेहमीची कारणे येथे लागू पडेनात. लोकांनी या जादा रकमेला ‘ऑस्ट्रेलिया कर’ असे नाव दिले. खासदार एड ह्यूसिक यांनी हा प्रश्न लावून धरला व २०१२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या स्थायी समितीने चौकशी आरंभिली. ‘चॉइस’ या जुन्या ग्राहकसंस्थेने समितीपुढे दाखवून दिले की, मायक्रोसॉफ्टची एक महागडी प्रोग्रॅमनिर्मितीची संचिका ऑस्ट्रेलियात घेण्यापेक्षा माणूस विमानाने अमेरिकेला पाठवून ती आणविणे स्वस्त पडते. ॲपल, मायक्रोसॉफ्ट व ॲडोबी या कंपन्या स्वेच्छेने येईनात, तेव्हा हुकूम काढून त्यांना २२ मार्च २०१३ रोजी समितीसमोर बसविण्यात आले.

जुलै २०१३ च्या अहवालात समितीने ग्राहकांची तक्रार मुख्यतः खरी ठरविली. भौगोलिक कुलूप उघडण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने निःसंदिग्ध करावा, आणि इतर उपाय निष्फळ ठरल्यास अशा कुलपांवर बंदी घालण्याचाही विचार करावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. सप्टेंबरमध्ये सरकार बदलले. २०१६ मध्ये उत्पादकता आयोगाला जवळजवळ तीच शिफारस पुन्हा करावी लागली, यावरून मधल्या वर्षांचा हिशेब वाचकांनी करावा.

ब्राझीलचे उदाहरण मात्र निराळ्या जातीचे आहे. २०१३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ ची तेथील किंमत ३९९९ रेआल, म्हणजे सुमारे १८०० डॉलर, जाहीर केली. अमेरिकेत ती ३९९ डॉलर होती. ओरड झाल्यावर कंपनीने किंमतीची फोड प्रसिद्ध करून बहुतांश भाग कराचा असल्याचे दाखविले. येथे तक्रारीचा रोख शासनाकडे वळतो, व तो प्रश्न संरक्षक जकातीच्या इतिहासात शिरतो.

आता या विषयातील खरी अडचण. आतापर्यंतचे तक्रारदार श्रीमंत देशांतील होते, आणि त्यांची मागणी सर्वत्र एकच भाव असावा अशी होती. ती मान्य झाल्यास गरीब देशांतील ग्राहकाचे काय होते? २० जानेवारी २०२१ रोजी युरोपीय आयोगाने स्टीमची मालक व्हॅल्व्ह कंपनी व पाच प्रकाशक यांना मिळून ७.८ दशलक्ष युरो दंड केला. पोलंड, हंगेरी, रुमानिया, बाल्टिक देश इत्यादी ठिकाणी स्वस्तात विकलेल्या खेळांच्या चाव्या इतरत्र चालू नयेत अशी व्यवस्था त्यांनी केली होती. न्यायालयाने २०२३ मध्ये व्हॅल्व्हचे अपील फेटाळले. एकसंध बाजाराच्या तत्त्वाशी हा निर्णय सुसंगत आहे. पण कुंपण काढल्यावर भाव समान होतात ते वॉर्सामधील पातळीला की पॅरिसमधील, हे निर्णयात ठरविलेले नसते. ते विक्रेता ठरवितो. गॉग या पोलिश विक्रीस्थानाने २०१४ मध्ये प्रदेशवार भाव लावण्याचे ठरविले, तेव्हा ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की मार्चच्या आरंभी त्याला जाहीर क्षमा मागून बेत सोडावा लागला. ‘सर्वांना एकच भाव’ हे ब्रीद टिकले, परंतु तो एकच भाव डॉलरांत होता.

आपल्याकडील विद्यार्थ्यांना ही बाब निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या परदेशी क्रमिक पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्यांवर, त्या ठराविक देशांबाहेर विकू नयेत, अशी सूचना छापलेली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये कर्टसेंग प्रकरणात, परदेशात रीतसर विकली गेलेली अशी पुस्तके अमेरिकेत आणून विकण्यास मुभा दिली. हा न्याय अमेरिकी विद्यार्थ्याच्या सोयीचा खरा. पण स्वस्त आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला ती महाग करण्याचे निमित्त त्यातूनच मिळते. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत भाव दिसू लागले आणि अनेक खेळ येथे अमेरिकेपेक्षा कमी पैशांत मिळू लागले, ते याच नाजूक व्यवस्थेच्या बळावर. ती व्यवस्था मोडते कशी, याचा अनुभव अर्जेंटिना व तुर्कस्तान यांनी घेतला. तेथील चलने वेगाने घसरत होती, आणि तेथील स्वस्त भावाचा लाभ घेण्यासाठी बाहेरचे लोक तेथील रहिवासी असल्याची बतावणी करीत. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने पेसो व लिरा बंद करून दोन्ही देशांत डॉलर लागू केला. पुष्कळ खेळ रातोरात कित्येक पट महाग झाले. त्यावर कोणत्याही आयोगाची चौकशी बसली नाही. कारण विक्रेत्याने आपल्या मालाचा भाव वाढविणे हा सामान्यतः स्पर्धाकायद्याचा भंग मानला जात नाही.

कुलपाचे अगदी अलीकडचे रूप जून २०२५ मध्ये जपानात दिसले. निंतेंदोने आपला स्विच २ हा कन्सोल तेथे दोन प्रकारांत आणला. केवळ जपानी भाषेत चालणारा व जपानमध्ये नोंदलेल्या खात्यांनाच जोडता येणारा कन्सोल ४९,९८० येनला, आणि सर्व भाषांत चालणारा ६९,९८० येनला. अमेरिकेत त्याची किंमत ४४९.९९ डॉलर होती. जपानी प्रकाराची किंमत तेव्हाच्या दराने साडेतीनशे डॉलरांच्या आतच येते. चाळीस वर्षांपूर्वी टोकांची संख्या बदलून जे साधले होते, ते येथे लिपी व भाषा यांच्याकडून करवून घेतले आहे. आणि टोकियोत राहणाऱ्या परदेशी कामगाराला यंत्र आपल्या भाषेत हवे असल्यास, त्याच शहरात, त्याच चलनात, वीस हजार येन अधिक मोजावे लागले.