फरशी पोचली, पद्धत कुठे राहिली?

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गाची फरशी रंगवलेली दिसते. कडेने संख्यारेषा, मध्ये अक्षरांचे चौकोन, एखाद्या कोपऱ्यात बेरजेचा खेळ. आमच्या हिंगोली जिल्ह्यातही ती आहे. बऱ्याच ठिकाणी रंग उडत चालला आहे. ही फरशी कोठून आली आणि येताना तिने बरोबर काय आणले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण एका ठिकाणी यशस्वी झालेली पद्धत सगळ्या सरकारी शाळांत नेऊ पाहताना काय घडते, याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

या फरशीचे माहेर सातारा तालुक्यातील कुमठे बीट. ‘बीट’ म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. २०१० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या चाळीसेक शाळांत ज्ञानरचनावादी अध्यापन रुजवले. शब्द जड असला तरी अर्थ साधा आहे. मूल नुसते ऐकून शिकत नाही. वस्तू हाताळून, बोलून, चुकून ते आपले ज्ञान स्वतः रचते. म्हणून मुले फळ्याकडे तोंड करून रांगेत न बसता फरशीवर गोल करून बसू लागली. दहा सुट्या काड्या बांधल्या की एक दशक, हे ती हाताने करून पाहू लागली. शिक्षकाचे काम बोलण्याइतकेच पाहण्याचे झाले: कोणते मूल कुठे अडले आहे, आणि का?

यात विस्तार अधिकाऱ्याची भूमिकाच बदलली होती, हे बाहेरून चटकन दिसत नाही. आपल्याकडे ‘साहेब’ शाळेत येतात ते हजेरीपट तपासायला आणि शेरेबुकात शेरा लिहायला. कुमठ्यात साहेबांच्या खुर्चीवरची व्यक्ती शिक्षकांबरोबर बसून मुलांच्या शिकण्याविषयी बोलत होती. चाळीस शाळांना ते पुरले, कारण चाळीस शाळांना एक माणूस पुरा पडत होता.

२२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. शिक्षण सचिव नंदकुमार यांच्या काळात राज्यभरातून शिक्षकांचे जथे कुमठ्याच्या वाऱ्या करू लागले. या काळाला नावे ठेवणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. पुस्तकातला धडा बाजूला ठेवून मुलाच्या पातळीपासून सुरुवात करण्याची मोकळीक अनेक शिक्षकांना तेव्हा प्रथमच अधिकृतपणे मिळाली. परंतु एका दिवसाच्या भेटीत जे डोळ्यांत भरते तेच माणूस घरी आणतो. फरशी डोळ्यांत भरली. ती लोकवर्गणीतून आठवड्याभरात रंगवता येत होती, तिचा फोटो काढता येत होता, निकषांच्या तक्त्यात तिच्यापुढे खूण करता येत होती. अडलेल्या मुलाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकण्याचा फोटो निघत नाही. शाळा ‘प्रगत’ घोषित होऊ लागल्या. त्या फरशीवर काय चालावे, हे मात्र बहुतेक ठिकाणी ज्याचे त्याच्यावर राहिले.

असे पूर्वीही घडले आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले; अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसोरीची साधने महागडी होती. या दोघींनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, माती आणली. दलित वस्तीतली मुले मध्यवर्ती बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ जन्मली. पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांसाठी गुरे चारण्याच्या रानातली कुरणशाळाही झाली. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचे, असा हा सारा विचार होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी या कामांचे मोल मोठे आहे. त्याने मुले जगली. पण शाळापूर्व शिक्षण ही सहा सेवांपैकी एक सेवा उरली आणि सेविकेचा दिवस आहार, वजन व रजिस्टरे यांत जाऊ लागला. बोर्डीचे नाव खेडोपाडी पोचले. सेविकेच्या शेजारी बसून बियांचा खेळ कसा घ्यायचा हे दाखवणारे मात्र तिथवर कोणी पोचले नाही.

मग पद्धत मुळी मोठ्या प्रमाणावर जातच नाही का? इथे मुंबईतला एक धागा उपयोगी पडतो. १९९० च्या दशकात ‘प्रथम’ संस्थेने मुंबई महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम काढला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोनेक तास वेगळे बसवून वाचन-गणिताचा पाया पक्का करून देई. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची काटेकोर तुलना करून पाहिली. मुलांचे गुण खरोखर वाढले होते. अशाच प्रकारच्या प्रयोगांसाठी २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले.

खरी गोष्ट त्यापुढची आहे. इयत्तेऐवजी पातळीनुसार मुलांना बसवण्याची ही रीत सरकारी शिक्षकांच्या हाती दिली तेव्हा काय झाले? बिहारमध्ये उन्हाळी वर्गात सरकारी शिक्षकांनीच ती वापरली आणि मुले वाचू लागली. पण वर्ष सुरू झाल्यावर, नेहमीच्या वर्गात, केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन फरक पडला नाही. म्हणजे शिक्षकाला येत नव्हते असे नाही; अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धबडग्यात पद्धतीला तासच मिळत नव्हता. २०१२-१३ मध्ये हरियाणात दोन गोष्टी बदलल्या. दिवसातला एक तास फक्त याच कामासाठी राखला आणि त्या तासाला मुले इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसली. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना या रीतीने शिकवले, मग ते शिक्षकांकडे गेले. हिंदी वाचनात मुले पुढे सरकली.

कुमठ्यात जे एका अधिकाऱ्याच्या स्वभावातून घडले, तेच हरियाणात रचना म्हणून उभे केले गेले. यावरून मी एवढेच म्हणतो, की वर्गातली पद्धत कागदावरून जात नाही. ती करून पाहिलेल्या माणसाबरोबर जाते, आणि तिला वेळापत्रकात स्वतःची जागा लागते.

आमच्या जिल्ह्याला हे अधिक लागू आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आमच्या शाळांच्या मागे पुण्या-साताऱ्यासारखी शिक्षणसंस्थांची शंभर वर्षांची परंपरा नाही. त्यामुळे खेड्यातल्या दोन-शिक्षकी शाळेपर्यंत नवे काही पोचायचे तर मधला दुवा एकच: केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी. राज्यभर नेमकी हीच पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकामी राहिली. जिथे माणूस आहे तिथे त्याच्या गळ्यात माहिती मागवणे आणि माहिती पाठवणे बांधलेले आहे.

याची किंमत कोण देते? हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबे निघालेली असतील. त्यातली काही मुले बरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर तिसरीचे पुस्तक कितीतरी पुढे गेलेले असते. पातळीनुसार राखलेला एक तास अशा मुलासाठी शाळेत परतण्याची वाट आहे. तो नसेल तर ते मूल पटावर राहते, पाचवीत जाते, आणि वाचता न येताच शाळेबाहेर पडते.

म्हणून पुढच्या वेळी एखादी यशस्वी पद्धत राज्यभर नेण्याची घोषणा होईल तेव्हा किती शाळांत, या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारावेत. ती शिकवायला जाणाऱ्या अधिकाऱ्याने आधी स्वतः किती दिवस मुलांना शिकवले? आणि रोजच्या वेळापत्रकातला कोणता तास तिच्यासाठी मोकळा केला? या दोन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर ती पद्धत सेनगावच्या शेवटच्या तांड्यापर्यंतही पोचेल.