पुढे चाल

शालेय फुटबॉलच्या तालुका स्पर्धेला सकाळी साडेनऊला आलेला संघ कित्येकदा साडेदहाला मोकळा झालेला असतो. शिरपूर काय, चोपडा काय, पावसाळ्यात हे चित्र ठरलेलं. पंधरा-वीस किलोमीटरवरून रिक्षात कोंबून आणलेली पोरं. घरून बांधून दिलेली भाकरी अजून पिशवीतच. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नाहीत, काळ्या मातीचा चिखल मात्र सगळ्यांना सारखा. पंचांची शेवटची शिट्टी होते, पी.टी.चे सर वहीत काहीतरी लिहितात आणि म्हणतात, ‘चला, आवरा.’ वर्षभराचं फुटबॉल संपलं.

याला आपण ‘बाद फेरी’ म्हणतो. हिशेबात रक्कम बाद होते, मोजणीत मत बाद होतं, खेळात गडी बाद होतो. इंग्रजीतला ‘नॉकआउट’ मुष्टियुद्धाच्या रिंगणातला, ठोशाचा शब्द आहे. आपला शब्द चोपडीतला, वजाबाकीचा. मला आपलाच जास्त खरा वाटतो, कारण ही फेरी मुळात वजाबाकीच आहे. ३२ संघ असतील तर एक विजेता उरायला ३१ बाद व्हावे लागतात. एका सामन्यात एकच बाद होतो, म्हणून सामनेही ३१. तेच ३२ संघ प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हटले, म्हणजे साखळी लावली, तर सामने होतात ४९६. शिरपूरसारख्या गावी एक मैदान, दोन पंच आणि पावसाने दिलेला एक दिवस एवढंच हाताशी असताना कोणती पद्धत निवडायची याचा विचारच करावा लागत नाही.

युरोपातल्या बड्या क्लबांच्या एकोणीस वर्षांखालील मुलांची युएफा युथ लीग २०१३-१४ साली सुरू झाली. तिलाही शेवटी बाद फेरी आहे आणि ती आपल्या तालुक्यासारखीच एका सामन्यात निकाल लावणारी आहे. मोठ्यांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये अंतिम सामना सोडला तर एक सामना घरी, एक बाहेर, अशी दोन सामन्यांची उसंत असते. मुलांना ती नाही. बरोबरी झाली तर जादा वेळही नाही, थेट पेनल्टी. पहिला अंतिम सामना १४ एप्रिल २०१४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये न्यॉन गावी झाला. बार्सिलोनाने बेन्फिकाला ३-० हरवलं आणि मुनीर अल हद्दादी या पोराने त्यातला एक गोल चक्क मैदानाच्या मध्यापासून मारला. टीव्हीवर हे सगळं पाहताना वाटतं की ही मोठ्यांच्या स्पर्धेची धाकटी नक्कल आहे. वंशावळ मात्र उलटी निघते. बाद फेरी आधी मुलांची होती, मोठ्यांनी ती मागाहून घेतली.

इंग्लंडमधल्या हॅरो या निवासी शाळेत वेगवेगळ्या हाउसेसचे संघ एकमेकांशी फुटबॉल खेळत. हरेल तो बाजूला, उरेल तो पुढे, आणि शेवटी उरलेलं हाउस ‘कॉक हाउस’, म्हणजे सगळ्या खुराड्यांतला कोंबडा. चार्ल्स ऑल्कॉक या शाळेत शिकला. पुढे फुटबॉल असोसिएशनचा सचिव झाल्यावर २० जुलै १८७१ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत त्याने ठराव मांडला की सगळ्या क्लबांना खुली अशी एक चषक स्पर्धा घ्यावी. शाळेतली पद्धत त्याने उचलून देशभर पसरवली. तीच एफए कप.

या पहिल्या स्पर्धेचा तपशील आपल्याकडच्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाने वाचला तर तो हसेल, कारण यातलं सगळं त्याने स्वतः भोगलेलं आहे. नावं आली १५. त्यांत लिंकनशायरमधली डॉनिंग्टन नावाची एक शाळाही होती. तिची गाठ पडली दूर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी. तारीख जमेना, म्हणून दोघांनाही पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. पुढच्या फेरीत पुन्हा तेच दोघे समोरासमोर, तेव्हा शाळेने माघार घेतली. एफए कपात एकही सामना न खेळता डॉनिंग्टन इतिहासात जाऊन बसली. क्वीन्स पार्क तर चेंडूला पाय न लावता थेट उपांत्य फेरीत! तिथे ते वर्गणी काढून लंडनला आले, वाँडरर्स या संघाशी ०-० बरोबरीत राहिले, आणि पुन्हा खेळा म्हटल्यावर परत यायला भाड्याचे पैसे नव्हते. ते घरी गेले, वाँडरर्स पुढे गेले. ज्या चषकाची किंमत २० पौंड होती त्यात क्वीन्स पार्कने स्वतःची एक गिनी घातलेली होती.

वाँडरर्सचंही फार वेगळं नव्हतं. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी आलाच नाही, दुसरीत एक विजय, तिसरीत बरोबरी होऊन दोघेही पुढे, उपांत्य फेरीत वरचा प्रकार. म्हणजे अंतिम सामन्याला पोचेपर्यंत एकच सामना जिंकलेला. १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलच्या मैदानावर त्यांनी रॉयल इंजिनीअर्सला १-० हरवलं. वाँडरर्सचा कर्णधार कोण होता? ऑल्कॉक. आयोजकाचाच संघ जिंकण्याची परंपरा किती जुनी आहे हे यावरून कळावं.

‘पुढे चाल’ हा मराठीतला शब्दप्रयोग मला फार आवडतो. समोरचा संघ आला नाही तरी पुढे चाल आणि संघांची संख्या जुळत नसली तरी पुढे चाल. ही पद्धत सुरळीत चालायला संघ ४, ८, १६, ३२ असे दुपटीत असावे लागतात. तालुक्यात नावं येतात ११. मग १६ मधून ११ वजा, ५ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल आणि उरलेल्या ६ जणांचे ३ सामने. कोणाला चाल आणि कोणाला सामना हे चिठ्ठीवर. त्या कागदाला स्पर्धेच्या परिपत्रकांत ‘भाग्यपत्रिका’ म्हणतात. कुंडलीचा वास असलेला हा शब्द ज्याने रूढ केला त्याने खेळ नीट पाहिला होता.

आपल्या जुन्या खेळांत ही शिडी नव्हती, याकडे सहसा लक्ष जात नाही. जत्रेतला कुस्तीचा फड घ्या. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या, लहान पोरांच्या. मग इनाम वाढत वाढत शेवटची मानाची कुस्ती. पण रेवड्या जिंकलेला पोरगा पुढच्या फेरीत जात नाही, फेरीच नसते. पंच जोड पाहून जोड लावतात, वजनाला वजन, अंगाला अंग. प्रत्येक कुस्ती तिथल्या तिथे पुरी. चितपट झाली तर इनाम एकाचं, नाही झाली तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटतात. कोणाची मान खाली जात नाही, पाहणाऱ्यांची थोडी निराशा होते इतकंच. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली तेव्हा माणसाला माणूस वजा करणारी पद्धत आपल्या कुस्तीत पक्की बसली.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या पहिल्या चषकातही फडाचा थोडा अंश होता. दुसऱ्या वर्षी वाँडरर्सला थेट अंतिम सामन्यात बसवलं. बाकीच्यांनी आपसात लढून एक आव्हानवीर निवडायचा आणि त्याने गतविजेत्याला आव्हान द्यायचं. मैदानात मधोमध दंड थोपटत उभ्या राहिलेल्या मल्लासारखंच हे. फुटबॉलने हा प्रकार एका वर्षात सोडला, विम्बल्डनने १९२१ पर्यंत धरून ठेवला.

बाद फेरीवर पहिला टोकदार आक्षेप घेणारा माणूस टेनिसमुळेच मिळाला, आणि तो ‘ॲलिस इन वंडरलँड’चा लेखक लुईस कॅरल होता. ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने १८८३ साली एक पुस्तिका काढून दाखवून दिलं की या पद्धतीत पहिला क्रमांक योग्य माणसाला मिळतो, दुसरा मिळेलच असं नाही. ३२ खेळाडूंत दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम खेळाडू जर पहिल्याच्याच अर्ध्या भागात पडला तर तो अंतिम सामन्याआधीच गारद. त्याला त्याचं खरं बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ मध्ये १६. जवळजवळ छापाकाटाच. शिरपूरच्या ज्या संघाची पहिल्याच सामन्यात पुढच्या विजेत्याशी गाठ पडते, त्याच्या सरांना हे गणित कॅरलशिवाय पाठ असतं. मानांकन हा त्यावरचा पुढे निघालेला तोडगा: बलवान संघ आधीच वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायचे. ज्यांची ताकद कोणी पाहिलेलीच नाही, अशा शाळांना मानांकन देणार कसं?

दुसरी अडचण बरोबरीची. फडाला बरोबरी पचते, बाद फेरीला पचत नाही, कारण पुढच्या फेरीचं खातं एकाच नावाचं असतं. आधी सामना पुन्हा खेळवत. दिवस नसतील तर चिठ्ठी किंवा नाणं. १९६८ साली युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत इटली आणि सोव्हिएत संघ नेपल्सला ०-० राहिले आणि इटलीचा कर्णधार फाकेत्ती नाणेफेक जिंकून अंतिम सामन्यात गेला. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये इस्रायल चिठ्ठीवर बाद झालं. त्यानंतर १९७० मध्ये पेनल्टी आली. इंग्लंडमध्ये तिचा पहिला प्रयोग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हल सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात झाला: पहिला गोल जॉर्ज बेस्टचा, पहिली चूक डेनिस लॉची. युथ लीगमध्ये जादा वेळ गाळून थेट पेनल्टी घेतात त्यामागे कोवळ्या पायांचा विचार असावा. आपल्याकडे तेच करतात, कारण पुढचे दोन संघ मैदानाच्या कडेला उभे राहून घड्याळ बघत असतात.

भारतात बाद फेरी आली ती लष्करी रजेच्या आणि थंड हवेच्या हिशेबाने. उन्हाळ्यात पलटणी डोंगरांत असायच्या, तेवढ्या आठवड्यांत स्पर्धा उरकायची. १८८८ साली सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला. ज्या मॉर्टिमर ड्युरँडच्या नावाने तो ओळखला जातो, त्यानेच पाच वर्षांनी अफगाणिस्तानची सीमारेषा आखली. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, पहिला विजेता वूस्टरशायर पलटण. भारतीय संघाला तो जिंकायला १९३७ साल उजाडावं लागलं, आणि जिंकला कोणी, तर बंगळूर मुस्लिम्सने. कूपरेज मैदानावरच्या या स्पर्धेतल्या गर्दीची वर्णनं मुंबईचे जुने लोक अजून करतात. चषक मात्र २००० नंतर फार टिकला नाही.

शाळकरी मुलांसाठीचं मोठं दार १९६० मध्ये उघडलं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा. ते त्याच वर्षी टोकियोत वारले. आता तीत मुलींचाही सतरा वर्षांखालील गट आहे. शिरपूरच्या पोराला या स्पर्धेसाठी दिल्लीला जायचं तर आधी धुळं, मग नाशिक विभाग, मग राज्य, असा रस्ता, आणि वाटेतल्या प्रत्येक पायरीवर बाद होण्याची सोय. धुळं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हरून परतताना आग्रा रोडवर सोनगीर जातं, नरडाणा जातं, सावळद्याला तापीचा पूल लागतो, आणि तोपर्यंत बसमध्ये चर्चा ‘तो ऑफसाइड होता’वर येऊन अडकलेली असते.

दार लहान गावांना उघडं ठेवण्याचं काम मात्र हीच निर्दय पद्धत करते. युथ लीगमध्ये आधी फक्त चॅम्पियन्स लीगमधल्या क्लबांचीच मुलं होती. २०१५-१६ पासून ज्या क्लबाचा युवा संघ आपल्या देशात अव्वल येतो त्यालाही, मोठा संघ कितीही साधा असो, वेगळ्या वाटेने प्रवेश मिळू लागला. २०२३ मध्ये चीजच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या अल्कमार गावचा एझेड संघ या वाटेने आला, बार्सिलोनाला ३-०, रियाल माद्रिदला ४-० असं काढून अंतिम सामन्यात हाय्डुक स्प्लिटला ५-० हरवून गेला. हाय्डुकही त्याच वाटेने आलेला. ३८ सामन्यांच्या साखळीत असं घडायची आशा कोणी धरली नसती.

मला यात आपला हुतूतू आठवतो. त्याचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाला की उठून परत येतो. गामिनीत बाद तो बाद, अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, समोरच्याला फक्त गुण मिळतो. जगातल्या सगळ्या स्पर्धा या तिघांत बसतात. साखळी म्हणजे अमर. बाद फेरी म्हणजे गामिनी. आणि ऑलिंपिकच्या कुस्तीत अंतिम फेरीत गेलेल्याकडून हरलेल्याला कांस्यपदकासाठी परत उठवतात ती संजीवनी. सुशीलकुमारचं २००८ चं पदक तिच्यातूनच आलं. आजची कबड्डी संजीवनीच्या नियमाने चालते. शालेय फुटबॉलला गामिनी वाट्याला आली, तीही चोवीस तासांची.

तरीही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जरा पाहावं. दुपारी तिकडे उपांत्य सामना चालू असतो, पंच, झेंडे, पाहुणे सगळे तिकडे. इकडे सकाळीच बाद झालेल्या दोन-तीन शाळांची पोरं, रिक्षा यायला वेळ आहे म्हणून, भाकऱ्या खाऊन चपलांचे गोलपोस्ट मांडतात. गणवेश सरमिसळ, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला बारा. कोणी तरी अहिराणीत ओरडतं, कोणी भांडतं, गोल झाला की नाही यावर खेळ दोन मिनिटं थांबतो. पंच नाही, भाग्यपत्रिका नाही. सरांनी रिक्षातून तिसऱ्यांदा हाक मारली तरी एक जण म्हणतोच, ‘सर, एकच गोल राहिलाय.’