जबडा, शस्त्रवैद्य आणि कामगार



महाड तालुक्यातील तुडील हे आमचे गाव. गावातील इतर अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. आमचे चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, साचेखात्यात कामाला होते. कापसाच्या गिरणीत आगीच्या भयाने विडी ओढण्यास बंदी. म्हणून चुना लावून मळलेली तंबाखू पाळीभर खालच्या ओठाआड धरून ठेवावयाची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. १९८२ च्या संपापूर्वी काही वर्षे ते कायमचे गावी परतले, तेव्हा त्यांच्या खालच्या जबड्याचा डावा भाग इस्पितळात काढून टाकलेला होता. भाकरी सुटली, पेज आली. ती पेज ओठावरून ओघळली तरी त्यांना कळत नसे. शेजारी बसलेली नात पुसून घेई. आपला ओठ ओला झाला हे माणसाला कळू नये, याचे आम्हा मुलांना मोठे नवल वाटे. पुढे युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयांत बसून जे थोडेफार शिकलो, त्यात या नवलाचा उलगडा शोधण्याचा नाद लागला. तोच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

कामामुळे जबडा गमावणे ही गोष्ट जगातील कामगारांना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या बाजारात आल्या. कारखान्यात त्या फॉस्फरसची वाफ कामगारांच्या तोंडात जाई आणि किडलेल्या दाताच्या वाटेने जबड्याला लागे. आधी दातदुखी, मग सूज, मग दुर्गंधीयुक्त पू, आणि अखेर हाडच मरून जाई. मेलेले हाड काढून टाकणे एवढाच उपाय वैद्यांच्या हाती होता. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टराने १८४५ साली हा रोग वैद्यकजगतापुढे मांडला. तांबड्या फॉस्फरसपासून असा रोग होत नाही, हेही त्यानंतर लवकरच कळले, आणि १८५५ च्या सुमारास स्वीडनमध्ये तांबड्या फॉस्फरसच्या सुरक्षित काड्या निघू लागल्या. म्हणजे रोगही ठाऊक होता आणि त्यावरचा तोडगाही ठाऊक होता. तरी पांढरा फॉस्फरस पुढे पन्नास वर्षे चालू राहिला. कारण तो स्वस्त पडे, आणि त्या काड्या कोठेही घासल्या तरी पेटत.

१८८८ च्या जुलैत लंडनमधील ब्रायंट अँड मे या कारखान्यातील सुमारे १४०० स्त्रिया व मुली काम टाकून रस्त्यावर आल्या. त्यांची कैफियत जगापुढे मांडणाऱ्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. पुढे हिंदुस्थानात येऊन होमरूलची चळवळ करणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या त्याच या बेझंटबाई. संप यशस्वी झाला. दंड रद्द झाले, आणि जेवणासाठी वेगळी जागा मान्य झाली. ही दुसरी मागणी वरवर क्षुल्लक दिसते. परंतु ज्या खोलीत फॉस्फरस त्याच खोलीत भाकर खावी लागणे, हे जबड्याच्या दृष्टीने केवढे संकट होते, हे त्या मुली जाणत होत्या. १९०६ साली बर्न येथे पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आपल्या देशात १९१३ साली तसा कायदा झाला. काडीच्या कारखान्यातला तो रोग पुढे नाहीसा झाला.

आता ज्याचा जबडा गेलाच, त्याला तो परत कसा द्यावा, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. याच्या उत्तराचा एक धागा आमच्या पुण्यातून निघतो. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रज फौजेकडील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला; त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यात कुंभार जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली, आणि १८१४ साली कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने ही क्रिया तेथे करून दाखविली. त्या कारागिराच्या हिकमतीचे मर्म असे की, कातडी जागेवरून हलविली तरी तिचा एक देठ शाबूत ठेवावयाचा; रक्ताचा ओघ तुटू द्यावयाचा नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या शिपायांचे जबडे उडाले. इंग्लंडात सिडकप येथे १९१७ साली उघडलेल्या इस्पितळात हॅरॉल्ड गिलीज यांनी अशा हजारो शिपायांवर उपचार केले, तेही देठाच्याच तत्त्वावर. हाडाची तूट भरण्यासाठी कमरेच्या किंवा नडगीच्या हाडाचा तुकडा बसवीत. असा तुकडा स्वतः मृतच असतो. शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या व पेशी त्यात हळूहळू शिरतात आणि जुने हाड झिजवून नवे रचतात. तूट लहान असेल तर हे साधते. मोठी असेल, किंवा जखम पिकली, तर तुकडा फुकट जातो. ही अडचण सुटली ती १९७५ नंतर. ऑस्ट्रेलियातील टेलर यांनी पोटरीतील बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून दुसऱ्या जागी जोडले. शरीराचा भार शेजारचे जाड हाड वाहते, म्हणून हे बारीक हाड काढले तरी माणूस चालू शकतो. १९८९ साली न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी याच हाडाला बाक देऊन खालचा जबडा घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. मानेतील रक्तवाहिनीशी ते सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतात. पुण्याच्या कारागिराचा देठ येथे तोडलेला असतो खरा, परंतु तो लगेच दुसरीकडे जोडलेलाही असतो.

आणि ओठाचे काय? खालच्या जबड्याच्या हाडातून, कोकण रेल्वे बोगद्यातून जावी तसा, एक मज्जातंतू जातो आणि हनुवटीपाशी बाहेर येऊन ओठाला संवेदना देतो. हाड कापले की बहुधा तोही जातो. आबांच्या ओठाचा उलगडा हा असा. सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या : नुसता बधिरलेला तंतू आपोआप सुधारतो, आतले धागे तुटून आवरण शाबूत असेल तर तो पुन्हा वाढू शकतो, तेही दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने, पूर्ण तुटलेला मात्र जोडल्याशिवाय क्वचितच सुधारतो. पायातील तंतू आणून सांधा जोडता येतो, तरी ओठाची जाण पूर्वीसारखी येईलच अशी हमी कोणी शस्त्रवैद्य देत नाही. हाड परत देता येते, दातही बसविता येतात. पण भाकरीचा ऊनपणा ओठाला कळणे, हे परत देणे फार कठीण.

गिरणगावाच्या मधोमध, परळला, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तोंडाच्या कर्करोगाने जबडा गमावलेली माणसे तेथे आजही रोज येतात, आणि त्यांत तंबाखू खाणारेच पुष्कळ. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुडी तरीही मिळते, हे आपण सारे जाणतो. रसायनांच्या कारखान्यांतही विडीकाडी दारावरच काढून घेतात, आणि तरुण कामगार गालात तंबाखू धरतो. आबांचाच शिरस्ता त्याने उचलला आहे. घरी मिश्री लावणाऱ्या आयाबहिणीही या हिशोबाबाहेर नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, लंडनच्या त्या मुलींनी वेगळी जेवणाची जागा मागितली, तशी आपण आपल्या मागणीपत्रात वर्षातून एकदा तोंडाच्या तपासणीची मागणी घालावी. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा तांबडा चट्टा, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, ही लक्षणे प्रत्येक खात्यात व प्रत्येक वाडीत माहीत असावीत. मालक टाळील, आपलेच सोबती हसतील; तरी मागावे. काडीने होणारा जबड्याचा रोग संपाने आणि कायद्याने गेला. तंबाखूचा कोणी दुसऱ्याने येऊन घालवील, अशी वाट आपण पाहू नये.