श्वास, माळ आणि मापनयंत्र



कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापूरची वाट माणसांनी भरून जाते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची चाल. पाय भरून येतात, ऊर धपापतो. महाद्वारातून पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थाशी आलेला यात्रेकरू ‘आई राजा उदो उदो’ अशी लांबलचक हाक देतो आणि क्षणभर थांबतो. हाक जितकी लांब, तितका उच्छ्वास लांब, हे साधे शरीरशास्त्र आहे. हाकेमागची श्रद्धा मोजण्याचे साधन माझ्यापाशी नाही. परंतु श्वास मोजता येतो, आणि त्या मोजणीचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हल्ली मनावरचा ताण हलका करण्यासाठी तळहातावर मावणारी यंत्रे मिळतात. अशा यंत्रावर बोट ठेवले की आतला दिवा बोटातील रक्ताच्या भरतीओहोटीवरून नाडीचा प्रत्येक ठोका टिपतो आणि पडद्यावर एक लाट उमटते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग याने १८४७ सालीच नोंदविली होती. लाट माथ्यावर पोचली की यंत्र खूण करते. मग श्वास सावकाश सोडावयाचा. मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेणारा माणूस अशा रीतीने सहाच्या आसपास उतरला, म्हणजे लाटा मोठ्या व सारख्या होऊ लागतात. कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या आपल्या आतील यंत्रणेचा झोकाही सुमारे दहा सेकंदांचाच आहे. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हात लावावा, तसे हे घडते. या पद्धतीस बायोफीडबॅक म्हणतात, आणि हे नाव १९६९ साली अमेरिकेत रूढ झाले.

पण श्वासाला माप लावण्याचे काम आपल्याकडे त्यापूर्वी कितीतरी वर्षे सुरू झाले होते. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासांकडून योग शिकले, आणि अमळनेरास त्यांनी अध्यापन केले. पुढे कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ सालच्या विजयादशमीस लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. तुळजापुरात त्या दिवशी देवीची पालखी सीमोल्लंघनास निघते. लोणावळ्यासही त्या दिवशी एक सीमोल्लंघनच झाले असे म्हणता येईल, कारण गुरुमुखातून चालत आलेली विद्या प्रयोगशाळेच्या मेजावर आली.

‘योगमीमांसा’ हे त्यांचे त्रैमासिक त्याच वर्षी निघाले. नौलीच्या वेळी आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकास जोडली, तेव्हा आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे त्यांना दिसले. बस्तिक्रियेत पाणी वर कसे चढते, याचा त्यातून उलगडा झाला. त्या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२७ साली गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता.

मला त्यांचा खरा मोठेपणा याहून निराळ्या गोष्टीत दिसतो. प्राणायामाने शरीरास पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, हा समज योगाभिमान्यांस फार प्रिय; तो आजही ऐकू येतो. कुवलयानंदांनी तो उचलून धरला नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूपेक्षा मज्जासंस्थेवरील संस्कारात आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यापाशी शिकून गेलेले येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी प्राणायामाच्या वेळी प्राणवायूचा खर्च स्वतःवर मोजला आणि १९३७ साली ग्रंथ लिहिला. त्यांना तो खर्च वाढलेला आढळला. म्हणजे मतभेद राहिलाच. पण तो मोजमापाच्या भूमीवर उभा राहिला, ही लहान प्रगती नव्हे. पुढे हृदय थांबवितो असे सांगणाऱ्या योग्यांची परीक्षा वेंगर, बागची आणि आनंद यांनी घेतली. १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, मनगटाची नाडी लागेनाशी झाली, तरी हृदयाचा आलेख उमटतच होता.

या साऱ्या प्रयोगांत यंत्राचे तोंड संशोधकाकडे होते. साधक श्वास घेई आणि आकडा दुसराच कोणी वाचत असे. बायोफीडबॅकने केले ते एवढेच, की यंत्राचे तोंड करणाऱ्याकडे फिरविले. ज्याचा श्वास, त्यालाच त्याची वार्ता मिळू लागली.

मात्र करणाऱ्याकडे तोंड असलेले एक साधन आपल्या देवघरात पूर्वीपासून होते, ते म्हणजे जपमाळ. २००१ साली इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांकडून ख्रिस्ती माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. येथे ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे आहे. पण तो प्रयोग तसे सांगत नाही. लॅटिन म्हणणाऱ्यासही तेच फळ मिळाले. श्वासाला जात नाही, पंथ नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आता कोणी विचारील, ताणतणाव हे सुखवस्तू शहरवासीयांचे दुखणे. आम्हांस त्याचे काय? त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. गणेशविसर्जन करून माणसे निजली होती. चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत गेली. हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांची मनोवैद्यकीय पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांस भय, शोक, विषण्णता यांनी आजारी केले होते. ढिगारा उपसता येतो. छातीतली धडधड उपसण्यास कुदळ चालत नाही.

अशा माणसाच्या हाती यंत्र देऊन कर्तव्य संपले, असे मात्र कोणी समजू नये. श्वास संथ केल्याने पडलेली भिंत उभी राहत नाही, सावकाराचे देणे फिटत नाही, गेलेले लेकरू परत येत नाही. खोल आजारास वैद्याचा उपचारच हवा. श्वास काय करतो? तो माणसाला पुन्हा विचार करता येईल इतका थारा देतो. भिंत बांधावयाची ती त्यानंतर, आणि तिला दहा शेजाऱ्यांचे हात लागतात.

यंत्र विकत घ्यावे लागते. माळ वारशाने मिळते. श्वास जन्मतःच मिळालेला आहे. यंत्राने डोळ्यांना पुरावा दिला, याबद्दल त्याचे आभार मानावेत. लय एकदा अंगवळणी पडली म्हणजे ते फडताळात ठेवून द्यावे. आणि दुःखी माणूस आपल्या दाराशी आला, तर त्याला उपदेश करण्याआधी शेजारी बसवून घ्यावे. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत आपण थांबावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.